ताईचं तीन मजली घर

तो झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करायचा. ऑफिसात शिरला की "मशिनवाला आलाय" एवढं ओरडून लोक खुर्च्या लांब ओढायचे, जणू त्याच्या हातांची शाई हवेतूनच लागेल. घरी आल्यावर मात्र हाच माणूस 'सर' व्हायचा. एका ऑनलाइन गेमचा गाशा गुंडाळायचं कंपनीने ठरवलं होतं. सर्व्हर बंद झाले की त्यातली गावं, घरं, समुद्र, सगळं गडप. ते वाचवायला जी मंडळी जमली होती, त्यांचा हा म्होरक्या.

वाचवायची रीत तशी सरळ होती. खेळाडूने काही केलं की कंपनीचा सर्व्हर काय उत्तर देतो ते टिपायचं, आणि पुढे तशीच उत्तरं देणारा आपला सर्व्हर उभा करायचा. पण जे कुणी केलंच नाही, ते टिपणार कसं? मासे पकडून झाले, भांडणं झाली, लग्नं लागली, मोडलीसुद्धा. गाडी अडली ती एका गोष्टीवर. तीन मजली घर पाडायला कुणी तयार होईना.

तसं एक घर त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं.

कारखान्यातल्या अपघातात ताईचं कंबरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून ती भावाच्या मागच्या खोलीत पलंगावर होती. सारख्या हाका मारते म्हणून त्यानेच एक जुना कॉम्प्युटर तिच्यापुढे ठेवला, कटकट मिटावी म्हणून. ताईने त्यात वर्षानुवर्षं दगडावर दगड ठेवत टेकडीवर घर बांधलं. त्याची बायको चेष्टेने म्हणायची, ताई, एवढ्या खोल्या झाडायला एक बाई ठेवा.

"पाड ते घर, ताई. महिनाभरात जाणारच आहे," तो म्हणाला.

"मग महिनाभर राहू दे की."

त्याने परोपरीने समजावलं. नव्या सर्व्हरवर जसंच्या तसं बांधून देईन म्हणाला. तुला स्वयंपाकघरातला नळ धड बसवता येत नाही, असं तिने ऐकवलं. तेव्हा तो आवाज न चढवता म्हणाला, "तुझं हगणंमुतणं माझी बायको काढते, ताई. आम्ही कधी म्हटलंय का, राहू दे की?"

ताईने बटण दाबलं. दगड वरून एकेक करत निखळत गेले. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला.

आता रिकामीच आहेस तर जरा फिर, म्हणून त्याने तिला नवं काम लावलं. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की आतलं सगळं सामान सर्व्हर दाखवतो, आणि दाखवलं की ते टिपलं जातं. ताई दारोदार फिरली. एकही माडी, एकही अडगळीची खोली तिने सोडली नाही.

नवा सर्व्हर सुरू झाला तो दातांच्या एका डॉक्टरांनी दिलेल्या कॉम्प्युटरवर. मंडळींना आपापली घरं जिथल्या तिथे सापडली. दिवेसुद्धा लागलेले होते. लोक अक्षरशः रडले. ताई टेकडीवर गेली. तिथे कुंपण होतं, आणि कुंपणावर डॉक्टरांच्या नावाची पाटी. कॉम्प्युटरच्या बदल्यात त्यांनी समुद्राकडची ही टेकडी मागितली होती, आणि 'सर' म्हणवून घेण्याच्या भरात याने ती कधीच देऊन टाकली होती.

"माझं घर?" ताईने विचारलं.

"सगळ्यांची उभी होती म्हणून आली गं. तुझं आधीच पडलं होतं ना."

"पण पडताना टिपलंस ना? कुठला दगड कुठून निघाला ते असेलच त्यात. तेच उलटं लावलं तर?"

हे त्याला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. दगडन् दगड त्या फाइलीत होता. एका बैठकीचं काम. खिशातला फोन थरथरत होता. कुणीतरी लिहिलं असणार, सर, तुम्ही होतात म्हणून.

"तसं होत नाही," तो म्हणाला. "तुला त्यातलं कळत नाही, ताई."

ताईने मान हलवली. तिला ते खरं वाटलं. "बरं. मग डॉक्टरांना बांधायला माणूस हवाय का, बघ विचारून. जागा माझ्या ओळखीची आहे."

त्याने विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. फक्त बाईंनी स्वतःचं डोकं चालवू नये, नकाशा मी देईन, असं त्यांनी बजावलं. त्याने ते ताईला दोनदा सांगितलं.