काळी प्लेट

ताईचा राग जुना होता आणि तिनं तो नीट जपला होता. उष्णता पाहणारा कॅमेरा तिनं घडवला होता. त्याच्या डोळ्यासाठी केसाहून कितीतरी पातळ थर एकावर एक चढवायचे, त्यांच्यातल्या ‘क्वांटम विहिरीं’त इलेक्ट्रॉन अडकवायचे, समोरच्या वस्तूची उष्णता पोचली की ते बाहेर उसळतात आणि चित्र उमटतं. सांगायला सोपं. ते जमेपर्यंत ताईचे केस पिकले. धाकटा भाऊ तेव्हा पंखे विकत फिरत होता, त्याला तिनंच हाताला धरून कंपनीत आणलं. आता दारातल्या भिंतीवर फोटो त्याचा, आणि पाहुण्यांना तो तिची ओळख करून द्यायचा, "या आमच्या मदतनीस."

आज अग्निशमन दलाचे साहेब कॅमेरे घ्यायचे की नाही ते ठरवायला आले होते. भावानं त्यांच्यासमोर खरं बोलावं, एवढंच ताईला हवं होतं.

कॅमेरा पुरेसा थंड झाला की भिंगासमोर सगळीकडे सारखी कोमट असलेली काळी प्लेट धरून बटण दाबावं लागतं. त्या क्षणी समोर जे असेल ते कॅमेरा पुढच्या प्रत्येक चित्रातून वजा करतो. प्लेट आजवर ताई न सांगता धरायची. भावाला ते तिचं खूळ वाटायचं. आज प्लेट तिच्या पिशवीतच राहिली. भाऊ ऐटीत भिंगासमोर उभा राहिला, "हा मी एकट्यानं बनवला," म्हणाला आणि हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. ताई गप्प बसली. गप्प बसून इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

भाऊ बाजूला झाला, पण पडद्यावर मधोमध काळा माणूस उभाच. कॅमेरा खिडकीकडे वळवा, साहेबांकडे वळवा, तो हलेना.

"हा कोण मध्ये?" साहेबांनी विचारलं. "आम्हाला धुरात माणसं शोधायची असतात."

"ज्यांनी एकट्यानं बनवला, ते," ताई म्हणाली.

भाऊ तिच्या कानाशी लागला. "ताई, प्लेट लाव ना. नाक कापतेस माझं."

"आधी त्यांना सांग."

"घरी बोलू."

"घरी बोलून झालंय."

साहेब उठायला लागले. भाऊ पुटपुटला, "कॅमेरा ताईनं बनवलाय. मी फक्त विकतो."

"मोठ्यानं."

तो मोठ्यानं बोलला. ताईनं सावकाश पिशवी उघडली, प्लेट धरली, बटण दाबलं. काळा माणूस गेला. मग तिनं कॅमेरा भावाच्या तोंडावर रोखला आणि तापलेलं ते यात पांढरं दिसतं, हे साहेबांना शांतपणे समजावलं. पडद्यावर भावाचे गाल पांढरे झाले होते, कान त्याहून पांढरे, आणि ताईला कसलीच घाई नव्हती.