बह्हार नंबर तीन

मला पटकन राग येतो, असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, आणि ते ऐकून मला रागच येतो. पण इथे ओमानमध्ये, बरका गावात एकदा आलेला राग असा आहे की तो आठवला की आता हसू येतं. तेवढा एक लिहून ठेवतो.

आमची कंपनी छोटी. ऑफिस मस्कतला, माझं घर अल हैलला. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्रत्येक खोलीत तापमान मोजणारं एक छोटं यंत्र बसवायचं, आणि बाहेर एक मोठं यंत्र ठेवायचं, जे सगळ्यांकडून आकडे मागवून पडद्यावर दाखवतं, हे आमचं काम. या धंद्यात मोठ्याला मास्टर म्हणतात आणि छोट्यांना स्लेव्ह. मालक आणि गुलाम. कॉलेजात हेच शिकलो, पुढे वर्षानुवर्षं हेच लिहीत आलो, पण त्या शब्दाला काही अर्थ असतो हे कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

बरक्याच्या गिऱ्हाइकाला पडदा अरबीत हवा होता. आमच्यात अरबी वाचता येणारं कोणी नाही. मग काय करायचं, तर पडद्यावरच्या सगळ्या शब्दांची यादी मस्कतच्या रुवी भागातल्या टायपिंगच्या दुकानात द्यायची, आणि शेजारच्या रकान्यात अरबी भरून आलं की जसंच्या तसं चिकटवायचं. आम्ही तपासायचो ते एवढंच की अक्षरं चौकटीबाहेर सांडत नाहीत ना. नाही सांडली. मी खूश.

सही घ्यायला कागद घेऊन बरक्याला गेलो. तिथला सुपरवायझर ओमानी, चाळिशीचा, उंच, रंगाने काळा. त्याचे आजी-आजोबा झांजिबारहून आलेले. हिंदी माझ्यापेक्षा चांगली बोलायचा. त्याच्याकडे आधी खजूर आणि कहवा, मगच काम. त्या दिवशीही कहवा झाला. त्याने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला, आणि सही न करताच पेन खिशात ठेवलं.

"सगळं छान चालतंय," तो म्हणाला. "फक्त हे शब्द बदल."

त्याने वाचून दाखवलं. पडद्यावर अरबीत लिहिलेलं होतं गुलाम एक, गुलाम दोन, गुलाम तीन. मी लागलो समजवायला. हा तांत्रिक शब्द आहे, जगभर हाच वापरतात, यात कुणाला उद्देशून काही नाही. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"पुढच्या बुधवारी माझ्या मुलीचा वर्ग इथे सहलीला येतोय," तो म्हणाला. "सात वर्षांची आहे. नुकती वाचायला लागलीय, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचते. हाच शब्द तिला शाळेत कुणीतरी रंगावरून म्हटला होता. मला त्याचा बाऊ करायचा नाही, अखी, माझ्या भावा. पण तिच्या बापाच्या कामाच्या जागी तिने तो वाचायचा नाही."

गाडीत बसल्यावर माझं डोकं तापलं. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. काही वाक्यं पडद्यावर आधीपासून लिहिलेली असतात, पण काही प्रोग्रॅम ऐनवेळी तुकडे जोडून तयार करतो, आणि ते तुकडे कुठे कुठे पेरून ठेवलेत हे मलाच धड आठवत नव्हतं. ऑफिसात येऊन मी टेबलावर फाइल आपटली. आमचं सगळं तपासून बघणारी मल्याळी मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, बाहेरच्या कंपन्यांत यावर केवढे वाद चाललेत. काहींनी तर शब्द बदललेसुद्धा."

"रिकामटेकड्यांचे उद्योग," मी म्हटलं. "उद्या म्हणतील प्रोग्रॅम 'किल' करू नका, हिंसा होते."

"बरक्याचा माणूस रिकामटेकडा आहे का, सर?"

मी तडक घरी आलो. बायको सुरमई तळत होती. ओट्याला टेकून मी तिला सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हटलं, "एका शब्दाने काय अंगाला भोकं पडतात?"

"नाही ना पडत?" ती मागे वळूनही न बघता म्हणाली. "मग पेट्रोल पंपावर तो माणूस 'रफीक, गाडी पुढे घे' म्हणाला, तेव्हा दोन दिवस कशाला धुमसत होतास? रफीक म्हणजे तर दोस्त."

दोस्त खरा, पण आपल्याकडे मजुराला 'ए' म्हणतात तसा इथे तो शब्द आमच्यासारख्या परदेशी कामगारांवर फेकतात, आणि फेकलेला कळतो. मी ताटं मांडायला घेतली. माझंच चुकलं होतं आणि त्याची मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. पण नवे शब्द कोणते घ्यायचे? ऑफिसात आई आणि पिल्लं सुचली, कोंबडी आणि अंडीही सुचली. शेवटी सरळ बरक्याला जाऊन त्यालाच विचारलं. त्याने खिडकीबाहेर, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांकडे बघत म्हटलं, "नाखुदा आणि बह्हार."

मला कोणी समजवायची गरजच पडली नाही. माझे वडील हर्णै बंदरात मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. नाखुदा म्हणजे आमचा नाखवा, होडीचा कप्तान, आणि बह्हार म्हणजे खलाशी. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे जाळं जड झालं की तांडेलसुद्धा खलाशांबरोबर ओढायला लागतो. तो म्हणाला, आमच्याकडे काय वेगळं असतं? मग आम्ही दोघांनी मिळून अख्खी बरणीभर खजूर संपवले. परतताना मी गाडीत चक्क गात होतो.

बुधवारी वर्ग आला, तेव्हा मी आणि ऑफिसातली मल्याळी मुलगीही तिथेच होतो. थंडीने कुडकुडत, खिदळत पोरं खोल्यांमधून फिरली. त्याची मुलगी पडद्यासमोरून हलेचना. बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचत होती, आणि तो मागे हाताची घडी घालून उभा होता. एवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. तिसऱ्या खोलीचं यंत्र बंद पडलं, भोंगा वाजला आणि पडद्यावर लाल पट्टी आली.

हे वाक्य प्रोग्रॅम स्वतः जोडून तयार करतो. ते मी बदललं होतं का? काही केल्या आठवेना. मुलीचं बोट लाल पट्टीवर गेलं. तिने एकेक अक्षर लावलं, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"बह्हार... नंबर तीन... उत्तर देत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. शेजारी उभी असलेली मल्याळी मुलगी हळूच म्हणाली, "रविवारी मी मुद्दाम वायर काढून बघितली होती, सर. जुनंच वाक्य येत होतं. मी बदलून टाकलं." मी तिला तिथेच हात जोडले.

तोवर सुपरवायझर यंत्राच्या कपाटामागे वाकून वायर बसवत होता. तो दिसत नव्हता. मागून त्याचा आवाज आला, शाळेत हजेरी देतात तसा, "मौजूद."

मुलगी आधी पडद्याकडे बघत राहिली, मग कपाटाकडे, आणि मग पोट धरून हसायला लागली. सगळ्या वर्गाला ते पुन्हा हवं होतं. त्याने स्वतःच्या हाताने वायर काढली. तिने पुन्हा वाचलं, बह्हार नंबर तीन उत्तर देत नाही, आणि कपाटामागून पुन्हा आवाज आला, "मौजूद."

आधीच्या शब्दाला त्याने जन्मात ओ दिली नसती. त्या दिवशी चार वेळा दिली.