बसऱ्यात आलेली हाक

मी अंबरनाथच्या एका शाळेत सायन्स शिकवते. अमावास्या, नजर, लिंबू-मिरची... यातलं मी काहीच मानत नाही. लग्नसुद्धा पत्रिका न बघता केलं. तरी हे लिहितेय, कारण ते माझ्याच बाबतीत घडलंय.

आमचं गाव बदलापूरजवळचं सोनिवली. तेव्हा तिथे टॉवर नव्हते, भातशेती होती. पाच वर्षांची होईपर्यंत मला आत्यानेच सांभाळलं. आत्या जन्मापासून मुकी. कान मात्र तिखट! मला बोलवायचं तर टाळी वाजवायची. हसायची तेही आवाज न करता.

मग पप्पांनी मम्मीला आणि मला इराकला नेलं. ते बसऱ्यात एका कंपनीत फिटर होते. इराणशी लढाई चालू होती, पण शहरात काही भीती नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. काही महिन्यांतच बॉम्ब पडायला लागले. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या आल्या. मम्मीने माझ्याकडून घोकून घेतलं होतं — "सायरन झाला की कॉटखाली जायचं. मी येईपर्यंत हलायचं नाही. समजलं?"

त्या दुपारी मम्मी गच्चीवर कपडे काढायला गेली आणि सायरन झाला. मी कॉटखाली शिरले, डोळे घट्ट मिटले. विमानं जवळ येत होती. लादी थरथरत होती. माझी चड्डी ओली झाली... आता मम्मी ओरडेल, एवढंच डोक्यात.

आणि दारातून हाक आली.

"बाय गो, भायेर ये! बेगीन ये!"

गावच्या बोलीत लवकर बाहेर ये म्हणणारा बाईचा आवाज, थोडा घोगरा. तो आत्याचा होता. कसं कळलं विचारू नका... मागून कोणी डोळे झाकले तरी हात कोणाचे ते कळतं ना, तसं. मी रांगत बाहेर आले आणि जिन्याकडे धावले. तिथे कोणी नव्हतं. वरून मम्मी धावत उतरत होती.

"कॉटखालून का निघालीस?" तिने हात उगारला, आणि तेवढ्यात सगळं पांढरं झालं.

धूळ बसल्यावर आम्ही आत पाहिलं. खोलीची भिंत कॉटवर आडवी झाली होती.

मम्मीने मला छातीशी आवळून धरलं. "कोणी बोलावलं तुला?"

"आत्याने."

संध्याकाळी तिने ते पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "घाबरलीय पोरगी, काहीही बोलतेय."

लवकरच आम्ही गावी परतलो. आत्या अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तिने सूप बाजूला ठेवलं, माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि खुणेने विचारलं — कसा होता?

तिला स्वतःचा आवाज कसा होता ते जाणून घ्यायचं होतं.

"थोडा घोगरा," मी म्हटलं, "पण गोड."

पदरात तोंड लपवून ती खूप वेळ रडली.

माझी एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, भीतीने मेंदू असे आवाज तयार करतो. करत असेल. पण भिंत पडणार हे मेंदूला आधीच कसं कळलं? आणि मम्मीने हलायचं नाही असं बजावलेलं असताना "बाहेर ये" असं? खरंच सांगते, मला आजही माहीत नाही.

आत्या आता माझ्याकडेच असते, बदलापूरच्या फ्लॅटमध्ये. परवा टीव्हीवर कुठल्यातरी शहरावरचे हल्ले दाखवत होते. तुटलेल्या घराच्या दारात एक लहान मुलगी उभी होती. मी चॅनल बदलणार, तर आत्या उठून थेट स्क्रीनजवळ गेली. मानेच्या शिरा ताणून तिने तोंड उघडलं... पुन्हा उघडलं.

मी तिला थांबवलं नाही.