एक वाक्य बाहेरचं, एक आतलं

टेम्पोत सगळं सामान चढलं, तरी आई आत झाडतच होती. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन रिकाम्या खोल्या, बाहेर आषाढ धो धो कोसळतोय, आणि ही बाई वाकून कोपरे काढतेय! "अगं, उद्या दुसरे राहायला येणार, ते झाडतील," मी दारातून ओरडले. "येऊ दे की. घाण ठेवून गेली म्हणतील," ती म्हणाली आणि केरसुणी आपटून पुन्हा सुरू झाली. बाबा वर्षापूर्वी गेले होते, क्वार्टर सोडणं भागच होतं. मी एकुलती एक लेक. तेव्हा आई माझ्याकडे नाशकाला येणार, यात विचारायचं ते काय?

घोटी मागे पडलं, वाडीवऱ्हे आलं, तसा पाऊस विरळ होत होत थांबलाच. विल्होळीपाशी तर लख्ख ऊन. आई काचेतून बघत राहिली. "अगं बाई! संपला?" म्हणाली.

तुम्ही जे पुण्याला, दुबईला, अमेरिकेला गेलात, ते हसाल. म्हणाल, इगतपुरी-नाशिक हे काय स्थलांतर झालं? नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी याच रस्त्याने आले, तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. "एवढ्याशा अंतराला रडायचं काय?" म्हणून रडले नाही. बाबा दर रविवारी रेल्वेच्या पासावर यायचे, पिशवीत घरचा तांदूळ घेऊन. "पाऊस काय म्हणतो?" एवढंच विचारायचे. "इथं कुठला आलाय पाऊस!" मी म्हणायचे. संपलं बोलणं. आमच्या घरात पावसावर तास तास गप्पा व्हायच्या, मनातलं मात्र कुणी अर्ध्या शब्दानेही काढायचं नाही.

आणि देवाची करणी बघा, मला नोकरी मिळाली ती सातपूरच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गावर. पोरांकडून रोज दोन वाक्यं लिहून घ्यायची रीत मी पाडली होती. एक बाहेरचं, एक आतलं. आधी खिडकीतून बघायचं आणि लिहायचं, आज ऊन आहे. मग डोळे मिटून आत बघायचं आणि लिहायचं, मला कसं वाटतं. सुरुवातीला साऱ्या वर्गाला रोज मजाच वाटायची. ज्याला त्याला मजा! "खोटं चालणार नाही," असं दटावलं, तेव्हा हळूहळू पोरं मोकळी झाली. दिंडोरीला घरची द्राक्षबाग, ढगाळलं की पीक धोक्यात, अशा एकाने लिहिलं, "आज ढग आले. पप्पा कुणाशी बोलत नाहीत, मला भीती वाटते." एकीने लिहिलं, "आज थंडी आहे. मला बाळाचा राग येतो." मी कुणालाच रागावले नाही.

आई आली आणि आमच्या हॉलच्या एका कोपऱ्यात बसली. तसं बघितलं तर सुखच होतं. इगतपुरीत पावसाळाभर शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे शेकवावे लागायचे, इथे दुपारपर्यंत दोरीवर खडखडीत. पण ती जेवेना. अर्धी भाकरी घ्यायची, तीही मोडून ताटात ठेवायची. "काय होतंय गं?" विचारलं की, "काय नाय." डॉक्टर झाले, टॉनिक झालं. तीन आठवड्यांत ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. रात्री दोनदा उठून मी तिला बघून यायचे, बाबांमागोमाग हीसुद्धा जाते की काय.

बिल्डिंगमधली माझ्याच वर्गातली पाच पोरं संध्याकाळी अभ्यासाला यायची. एकदा मला उशीर झाला, म्हणून आईनेच त्यांना लिहायला बसवलं. चौथीपर्यंत शिकलेली ती. दुसऱ्या दिवशी शाळेत बघते तर पाचही जणांचं बाहेरचं वाक्य एकच, "आज खूप पाऊस आहे." आदल्या दिवशी नाशकात ऊन मी म्हणत होतं! शेजारच्या वर्गाच्या बाई हसून हसून बेजार. "तुमची पोरं राहतात तरी कुठल्या गावात हो?"

घरी येऊन आईला विचारलं, तर तीच माझ्यावर डाफरली. "मग? आषाढ हाय ना?" आता इगतपुरीकरांनो, तुम्हीच सांगा, आषाढात पाऊस आहे की नाही हे आपण कधी बाहेर बघून ठरवलंय का?

त्या संध्याकाळी मी आत पिठलं ढवळत होते. बाहेर सानिका, समोरच्या फ्लॅटमधली सात वर्षांची भवानी, आईची शाळा घेत होती.

"आजी, मनाने नाही सांगायचं. बघून सांगायचं असतं."

"बरं माझे आई. बघते." आई गॅलरीत जाऊन आली. "ऊन हाय."

"आता डोळे मीट. आत बघ. काय वाटतंय?"

"काय नाय वाटत."

"असं नसतंच! काही नाही लिहिलं की बाई परत लिहायला लावतात."

मग आई म्हणाली, "मला नाय करमत इथं." आणि बांध फुटलाच. "सकाळी कुणी हाक मारत नाय. गाड्यांच्या शंटिंगचा आवाज नाय, झोप लागत नाय. यांची खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली, ती डोळ्यापुढून जात नाय. पोरीला कसं सांगू? एवढं करतीय माझं, तिला वाईट वाटंल."

"एवढं नको, आजी," सानिका म्हणाली. "एकच वाक्य."

पिठलं खाली लागलं. मी हातात डाव घेऊन तशीच बाहेर आले. आईने पदर तोंडाला लावला. "करमेल हळूहळू," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, लग्नानंतर मलाही सगळ्यांनी तेच तर ऐकवलं होतं. पण पाच पोरं टकमका बघत होती आणि खोटं चालणार नाही हा नियम माझाच होता.

"मलाही नाही करमत गं," मी म्हणाले. "लग्न होऊन आले तेव्हापासून."

"आणि हे आज सांगतीस?" आई उसळली. "तुझे बाबा येऊन सांगायचे, पोरगी मजेत हाय. मी देवापुढं साखर ठेवायचे, मेले!"

"मग तू तरी कधी बोललीस?"

"मी आई हाय तुझी!"

पोरांसमोर आम्ही दोघी कडाकडा भांडलो, मग रडलो, मग करपल्या वासाने हसायला लागलो. "बाई, भांडण कसं लिहायचं?" सानिका पेन्सिल सरसावून विचारत होती. त्या दिवशी तेच करपलेलं पिठलं आईने दोन भाकऱ्यांबरोबर खाल्लं. मला इतकं बरं वाटलं की मी तिसरी वाढायला गेले आणि शिव्या खाल्ल्या.

तिला इथे पुरतं करमलं, असं मी म्हणणार नाही. मलाही नाही. पण आता सकाळच्या चहाला ती बिनदिक्कत सांगते, "आज लय नाय करमत बघ." "मलाही," मी म्हणते, आणि दुसरा कप ओतते. परवा माझा नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "अहो, इतकं करमत नाही, तर दोघी जाऊन राहा की इगतपुरीला. खोली भाड्याने मिळेल."

"आणि तिकडं करमलं म्हंजे, जावईबापू," आई म्हणाली, "सकाळी चहाला आम्ही बोलायचं काय?"