रविवारी बंद केलेला पंखा

व्हर्लिन हूकसेमाने आयोवात एक्केचाळीस वर्षं लोकांच्या घरांचे पाये भरले. स्वतःच्या तळघराची जमीन त्याने एकट्याने ओतली, एका दमात, कारण काँक्रीट कुणाच्या जेवणाची वाट बघत नाही. तिला अजून केसाएवढी चीर नव्हती. म्हणून घर विकायला काढल्यावर तपासणीत तळघरात रेडॉन निघाला, तेव्हा त्याला कोणी तोंडावर खोटं पाडल्यासारखं वाटलं.

या वायूला वास नाही, रंग नाही. मातीतून वर येतो, बंद तळघरात साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसं पोखरतो. आकडा चारच्या आत हवा. त्याच्याकडे चौदा निघाला.

घर घेणार होता विल्मर अहानेल, पलीकडच्या दूधगोठ्यावर काम करणारा ग्वाटेमालाचा माणूस. त्याच्या दोन मुली तळघरात झोपणार होत्या. आकडा चारच्या आत आणा, नाहीतर सौदा मोडला, असं त्याने कागदावर लिहून घेतलं. इकडे व्हर्लिनच्या बायकोचे, आर्लिसचे, गुडघे गेले होते. चर्चजवळची बिनजिन्याची जागा त्यांच्यासाठी पंधरा तारखेपर्यंतच राखून ठेवली होती. घर विकलं नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

उपाय एकच होता, जमिनीला भोक पाडून वायू छपरावर नेणारी नळी. शेजारच्या हार्लनने आगीत तेल ओतलं. "भिंतीवर ती नळी चढली की घराच्या कपाळावर रोग लिहिला म्हणून समज. किमतीतले दहा हजार डॉलर तरी उतरतील." दलालाचं म्हणणं उलटं होतं. इथे दर दुसऱ्या घराला नळी आहे, गिऱ्हाईक नळीला भीत नाही, आकड्याला भितं, असं तो म्हणाला. व्हर्लिनला दोघेही पटले नाहीत. त्याला फक्त त्याच्या जमिनीला पडणारं भोक दिसत होतं.

भोक पाडायला रेडॉन काढायची कामं करणारी जनेल व्हॉस आली. मऊ लोण्यातून सुरी जावी तसं तिचं यंत्र काँक्रीटमधून जाईल असं तिला वाटलं असावं. दोनदा पातं बदलावं लागलं तेव्हा व्हर्लिनला जरा बरं वाटलं. मग तिने नळी बसवली, भिंतीलगतच्या फटी बुजवल्या, नळी बाहेरून छपरावर नेली आणि मध्ये पंखा लावला. जमिनीखालची हवा ओढून वर सोडायची, एवढंच काम. व्हर्लिनने दोन तास खोट शोधली. सापडली नाही, याचाच त्याला राग आला.

शनिवारी सकाळी तिने तळघरात मोजणीचं यंत्र ठेवलं. सोमवार सकाळपर्यंत दारं-खिडक्या बंद. बाहेर मे महिना, आणि व्हर्लिन स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीपासून जिन्यापर्यंत फेऱ्या मारत होता.

"बस की जरा," आर्लिस म्हणाली. "तू चाललास म्हणून आकडा उतरणार नाही."

सोमवारी आकडा आला पाच पूर्णांक आठ.

जनेलने आलेखाचा कागद टेबलावर पसरला. रेघ आधी खाली, एकाच्या आसपास होती. मग डोंगरासारखी चढत गेली. शेवटच्या दोन तासांत पुन्हा वळली होती. "शनिवारी संध्याकाळी साडेसातला काय झालं?" तिने विचारलं.

व्हर्लिन कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी पंखा बंद केला."

आर्लिस चुलीपासून वळली. "का?"

"रविवार लागणार होता."

त्या गावात रविवार देवाचा, त्या दिवशी कोणी गवतसुद्धा कापत नाही. एक्केचाळीस वर्षं शनिवारी अंधार पडायच्या आत त्याचं काँक्रीटचं मिक्सर धुऊन पालथं पडलेलं असे. हात आपोआप बटणाकडे गेला होता आणि सोमवारी उजाडताच त्यानेच तो चालू केला होता.

"फ्रिज चालतो की रविवारी," आर्लिस म्हणाली.

"फ्रिज मी बसवलेला नाही."

"पंखा तरी तू कुठे बसवलास?"

मोजणीचं यंत्र दुसरीकडे ठरलेलं होतं, म्हणून फेरमोजणीला आठवडा लागणार होता, आणि पंधरा तारीख चार दिवसांवर आली होती. जनेल म्हणाली, विल्मरला काही न सांगता चर्चजवळच्या जागेची मुदत वाढवून मागा. व्हर्लिनने टोपी घातली, कागदाची घडी खिशात टाकली आणि गोठ्याकडे निघाला.

विल्मर गमबूट धूत होता. व्हर्लिनने कागद पुढे धरला आणि काय केलं ते सांगितलं, एकही शब्द न सजवता. विल्मरने रेघेवरून ओलं बोट फिरवलं.

"इथे बंद केला?"

"हो."

"आणि इथे चालू?"

"हो. चूक माझी. नळीची नाही, तिचं काम चोख आहे."

"नुसता एक आकडा आणला असतात," तो म्हणाला, "तर मी आणखी किंमत पाडून मागणार होतो. आता नाही मागत. हा पंखा नसला तर माझ्या पोरींच्या श्वासात काय जाईल ते दिसलं मला. फेरमोजणी होऊ दे, पण सही मी आधी करतो. फक्त त्या बटणाला झाकण लावून द्या. कुलपाचं."

व्हर्लिनने झाकण पत्र्याचं केलं, कडा दुमडून, चार स्क्रू, एकही तिरका नाही.

सामान निघायच्या आधीचा रविवार आला. चर्चहून परतल्यावर आर्लिसने कॉफी ओतली, पण तो बसेना. तीनदा उठून बाहेर गेला. पंखा रविवारीही चालू होता, रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. हार्लनचं कुटुंब चर्चच्या कपड्यांत घरी जाताना थांबून वर बघत होतं. व्हर्लिनने त्यांना मान लववली, नळीवर तळहात ठेवला आणि पंख्याची थरथर हाताला लागेपर्यंत तो काढला नाही. मग आत आला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठला.