सुरमईच्या दोन खोल्या

आठवड्यातून एकदा मी रेडिओवर शरीराचं विज्ञान विनोदातून सांगतो आणि एरवी रत्नागिरीतल्या माझ्या दवाखान्यात बसतो. त्या रविवारी विषय हृदयाचा होता. ज्याला हृदय आहे त्याला चार खोल्या आहेतच, म्हणजे पुण्यात फ्लॅट घेणाऱ्यापेक्षा आपला बोंबील श्रीमंत, असं मी ठोकून दिलं आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन घरी आलो.

सोमवारी दवाखाना उघडतो तोच बंदरावर मासे विकणाऱ्या मावशी आत आल्या. कितीदा सांगूनही त्या कधी तपासून घ्यायला आल्या नव्हत्या. त्यांनी टेबलावर केळीचं पान उलगडलं. त्यात सुरमईचं उभं चिरलेलं हृदय होतं.

"मोजा," त्या म्हणाल्या. "दोनच हायत. जन्मभर मासे कापतेय मी."

खरंच दोनच होत्या. मी माणसांचं शिकलो आणि माशांवर बोललो होतो. चूक काढलेली मला एरवी अजिबात खपत नाही, पण त्या दिवशी उड्या माराव्याशा वाटल्या. माझं बोलणं ऐकून कुणीतरी चक्क सुरी घेऊन खातरजमा केली होती. बाहेर बसलेल्या पेशंटना आत बोलावून मी ते हृदय दाखवलं आणि पुढच्या रविवारी चूक कबूल करतो, असं मावशींना सांगितलं.

पेशंट बाहेर गेले तरी मावशी हलेनात. पदर सावरून तपासणीच्या टेबलावर जाऊन बसल्या.

"जिना चढताना हल्ली धाप लागते," त्या म्हणाल्या. "माझ्या चारी चालतात का, ते बघा आता."