धुक्याचा पाटकरी

नेमेसियाच्या घरी पाणी टँकरनं यायचं. आधी भोंगा ऐकू यायचा, मग ड्रायव्हरच्या शिव्या. लिमा शहराच्या टोकाला, उघड्याबोडक्या डोंगरावर फळ्या-पत्र्यांची घरं एकावर एक चढत गेलेली. टँकर चढेल तिथवर चढायचा, पुढचं बादलीनं. ही बाई पहाटे बसथांब्यावर औषधी पाल्याचा गरम काढा विकायची, दुपारी बादल्या वाहायची आणि तरी संध्याकाळी गाणं म्हणत कोंबड्यांना दाणे टाकायची. असल्या माणसांचं काय करावं हे देवालाही कळत नसावं.

हिवाळ्यात, म्हणजे इथं जून ते सप्टेंबर, मात्र तिची चैन. समुद्रावरून धुकं येऊन डोंगरावर बसायचं, आणि शहरातले लोक त्या मळकट आभाळाला नावं ठेवायचे. वस्तीतल्यांनी वरच्या धारेवर खांब रोवून दाट विणीच्या जाळ्या ताणल्या होत्या. धुकं जाळीत अडकायचं, थेंब खालच्या पन्हळीत गळायचे आणि पन्हळीतून पाइपनं टाकीत यायचे. धुणी, भाजी, कोंबड्या सगळं त्यावर भागायचं.

आई गेल्यावर नेमेसियानं बापाला, तिच्या तायताला, पहाडातल्या गावाहून इथं आणलं होतं. फाकुंदो म्हातारा गावाकडे जन्मभर पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं हे तोच ठरवायचा, आणि पोटच्या पोरांनाही पाळी चुकवू द्यायचा नाही. इथं त्याला कुणी विचारेना. घोंगडी पांघरून स्टुलावर बसायचा आणि दिसेल त्याला नाक मुरडायचा.

एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "रविवारच्या गाडीनं मी गावी चाललो."

"तिथं कोण आहे तायता? चूल कोण पेटवणार?"

"पाणी आहे तिथं. वाहणारं. माणूस पाण्याकाठी मरतो, टाकीकाठी नाही."

त्या थंडीत, त्या रिकाम्या घरात हा एकटा. पण तायताला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नेमेसिया रडकुंडीला येऊन शेजारच्या हेर्मेलिंदाकडे गेली.

हेर्मेलिंदाचं तोंड फाटकं, पण डोकं शाबूत. "अगं, राहा म्हणून कशाला विनवतेस? काम दे त्याला. ऑगस्ट लागलाय, गावाकडे पाट साफ करायचा सण असेल आता. आपणही करू."

"पाट कुठाय इथं?"

"पाइप आहे की!"

म्हाताऱ्याला सांगितलं तर तो स्टुलावरून पडायचाच बाकी राहिला. "पाइपचा सण! उद्या बादलीचं बारसं घाला!"

पण शनिवारी सगळ्यांच्या आधी तो धारेवर हजर. दाढी केलेली, डोक्याला चांगली हॅट. "बघायला आलोय. नुसता बघायला," असं त्यानं न विचारता प्रत्येकाला सांगितलं.

अर्धी वस्ती त्याच पहाडांतली, त्यामुळे कुणाला काही शिकवावं लागलं नाही. कुणी व्हायोलिन आणलं, कुणी पाठीवर हार्प वाहून आणला. जाळ्यांची धूळ झटकली, शेवाळ घासलं, टाकी आतून चकचकीत केली. उकडलेला मका आणि मक्याची दारू हातोहात फिरली. आणि शेवटी, गावाकडे पाटात वाहतात तशी, बायकांनी ओंजळी भरभरून पिवळी फुलं पन्हळीत सोडली. नुसता बघायला आलेल्या म्हाताऱ्यानं तर भरलेली हॅटच उपडी केली.

मग सगळे पाण्याचं स्वागत करायला टाकीपाशी जमले. धुकं इतकं दाट की शेजारच्याचं नाक दिसेना. जाळ्या गळत होत्या. वाजंत्री वाजत होती. टाकी कोरडी ठणठणीत.

हार्पवाल्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. तरी थेंब नाही.

"आपलंही पाणी टँकरचंच निघालं गं बाई," हेर्मेलिंदा ओरडली, "ताटकळत ठेवतंय!"

नेमेसियाला हसू येईना. आता तायता म्हणणार, बघ, सांगितलं होतं. तिनं भीत भीत त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे खांदे गदगदत होते. त्यानं तोंडावरचा हात काढला, तर तो हसत होता. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"अरे येड्यांनो! फुलं पाटात सोडतात. ह्या नळीचं तोंड माझ्या अंगठ्याएवढं! एवढा भारा कुणी ओतला त्यात?"

"सगळ्यांत जास्त तुम्हीच, तायता!"

"मी? मग मूर्खांचा मुकादम मीच. चला वर!"

तो पुढं आणि वस्ती मागं. म्हातारा पाइपला कान लावत, बोटानं टकटक करत चढत गेला. एका जोडापाशी थांबला. "इथं तुंबलंय. खोला." दोघांनी जोड फिरवला, त्यानं आत बोटं घालून फुलांचा बोळा ओढला, आणि पाण्याची धार थेट त्याच्या तोंडावर. हॅट उडाली, मिशा ओघळल्या. वस्ती पोट धरधरून हसली. त्यानं ओठ चाटले. "गोड आहे गं," तो लेकीला म्हणाला.

जोड घट्ट बसवला तशी खालून आरोळी आली. आलं! पाणी आलं! व्हायोलिनवाल्याला चेव चढला आणि बायकांनी फेर धरला.

म्हातारा मात्र तसाच ओलाचिंब उभा राहून बोटं दाखवत होता. "पन्हळीच्या तोंडाला बारीक चाळण लावा. तो कडेचा खांब कललाय. दोर सैल आहेत, उद्या सकाळी ताणून घेऊ."

"उद्या रविवार आहे, तायता," नेमेसिया हळूच म्हणाली. "तुमची गाडी."

"गाडीला काय, गाडी रोज जाते. असला पाट वाऱ्यावर सोडून गेलो, तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"पाट नाही हो, पाइप!" हेर्मेलिंदानं टोमणा मारला.

"गप गं. पाटच."

नेमेसियाला इतका आनंद झाला की ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली.

"रडतेस काय," म्हातारा खेकसला, "पक्कड आण."